खारी, किलच आणि सागवान: खानदेशातलं शहरी घर

वैशाख सरत आला की जळगाव, धरणगाव, पारोळा, अमळनेर, शिरपूर अशा गावांच्या जुन्या पेठांमध्ये गाढवांच्या पाठीवरून माती यायची. भुरकट पांढरी, जिभेला लावली तर खारट लागणारी ही माती ओट्यापाशी ओतली जाई. मग टोपल्या शिडीवरून वर जात आणि घराच्या सपाट छपरावर तिचा नवा थर पसरला जाई. याला ‘खारी टाकणं’ म्हणतात. मृगाच्या आत हे काम उरकलं नाही, तर पावसाळाभर घरात भांडी मांडून बसायची वेळ येणार हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे.

खानदेशातल्या जुन्या शहरी घराची ओळख छपरापासून करून द्यायला हवी, असं मला वाटतं. वाड्याबद्दल लिहिताना आपण बहुधा दरवाजापासून सुरुवात करतो. कोरीव चौकट, पितळी कड्या, गणेशपट्टी यांचं वर्णन करून चौकात शिरतो. पण तापीच्या खोऱ्यात घर कसं उभं राहिलं आणि का टिकलं, याचं उत्तर डोक्यावर आहे. त्या छपराला इकडे धाबं म्हणतात, देशावर माळवद.

धाब्याची रचना खालून वर अशी वाचावी. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर ठरावीक अंतराने आडव्या कड्या. दोन कड्यांमधली जागा हातभर लांबीच्या लाकडी तुकड्यांनी खेटून भरायची, हे किलच. गरिबाच्या घरी किलचांच्या जागी तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्या. त्यावर निंबाचा पाला. तो कडू, म्हणून किडा-मुंगी दूर राहते. पाल्यावर तुडवलेल्या मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी. एकूण जाडी फूटभर किंवा त्याहून जास्त. पृष्ठभागाला पन्हाळीच्या बाजूने किंचित उतार. इतका किंचित, की धाब्यावर झोपलेल्या माणसाला तो जाणवत नाही, पाण्याला मात्र बरोबर कळतो.

खारीच का, याचं कारण रसायनात आहे. या मातीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. पावसाचं पाणी पडलं की अशा मातीतले अतिबारीक कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि मातीतली सूक्ष्म छिद्रं बुजवून टाकतात. शेतकरी अशा जमिनीला नावं ठेवतो, कारण तिच्यात पाणी मुरत नाही आणि पीक येत नाही. छपरावर नेमके हेच दोन दोष गुण ठरतात. पाणी मुरत नाही म्हणून घर गळत नाही, आणि बी रुजत नाही म्हणून मुळ्यांनी भेगा पडत नाहीत. शेताला निरुपयोगी असलेली माती डोक्यावर घ्यायची, हे ज्या कोणाला पहिल्यांदा सुचलं त्याच्या निरीक्षणाला दाद द्यावी तेवढी थोडी.

अर्थात, हे सगळं चालतं ते पाऊस बेताचा आहे म्हणून. जळगावात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुळ्यात त्याहूनही कमी. कोकणात दोन-तीन हजार मिलिमीटरखाली असलं छप्पर पहिल्या आषाढातच खाली येईल. खानदेशातही झड लागली, चार-चार दिवस रिपरिप थांबली नाही, की खारी हरते. मग घरातला कोणीतरी गोणपाट डोक्यावर घेऊन वर चढणार, खालून दुसरा ‘अजून थोडं उजवीकडे’ असं ओरडणार, आणि नेमक्या जागी मूठभर खारी दाबली जाणार.

पण पाऊस हा इथला मुख्य शत्रू नव्हेच. तो मान उन्हाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या वर जातो. फूटभर मातीतून उष्णता आरपार जायला आठ-दहा तास लागतात. दुपारी बाराला छपरावर पडलेला ताव खालच्या खोलीत पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरातली माणसं अंथरुणं घेऊन धाब्यावर गेलेली असतात. दिवसा छपराखाली आणि रात्री छपरावर असं हे घर दोन पाळ्यांमध्ये वापरलं जाई. सिमेंटच्या पाच इंची स्लॅबला हे जमत नाही. तो संध्याकाळी पाचलाच खोलीत आग ओकू लागतो.

आता भिंती. खानदेशची प्रसिद्ध काळी माती कपाशीला सोनं, पण बांधकामाला वैरीण. ओल मिळाली की ती फुगते, वाळली की हातभर खोल भेगाळते. तिच्यावर सरळ पाया घातला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंत उकलते. म्हणून पाया काळी खणून खालच्या मुरमापर्यंत न्यायचा, वर काळ्या दगडाचं जोतं उचलायचं आणि भिंतीसाठी पांढरी आणायची. पांढरी म्हणजे गावठाणाची, जुन्या वस्तीची माती. राख, शेण, पडक्या भिंतींचा चुरा यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तापीकाठच्या प्रकाशे इथे आणि गिरणाकाठच्या बहाळ इथे पुरातत्त्व खात्याने 1950च्या दशकात उत्खननं केली. दोन्ही ठिकाणी वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत, म्हणजे साडेतीन हजार वर्षांच्या आसपास मागे जाते. ज्या उंच टेकाडांवर ही उत्खननं झाली, ती टेकाडं म्हणजे मुख्यतः मातीची घरंच आहेत. घर पडलं, ते सपाट केलं, त्यावर दुसरं उभं राहिलं, असं शतकानुशतकं चालून गाव उंच होत गेलं. आणि खानदेशातल्या कित्येक गावांत लोकांनी नवी भिंत घालायला, धाब्यावर टाकायला माती खणली ती अशाच जुन्या गढ्यांच्या आणि टेकाडांच्या पोटातून. संशोधकाला याचं दुःख होतं, आणि ते रास्तच आहे. पण घर बांधणाऱ्याच्या लेखी ते आपल्याच गावाची माती पुन्हा कामाला लावणं होतं.

मातीच्या भिंतीवर छपराचा भार किती टाकायचा, हा प्रश्न पेठेतल्या घराने सागवानाने सोडवला. सातपुड्याचा साग खानदेशाच्या दाराशी होता. चांगल्या घरात सगळा भार खांब आणि तुळयांचा सांगाडा उचलतो, भिंत फक्त आडोसा करते. म्हणून पुराने भिंत ढासळली तरी धाबं लाकडी पायांवर उभं राहिलेलं दिसतं. खांब आणि तुळई यांच्यामध्ये कोरीव हस्त असतो. तो शोभेचा वाटला तरी तुळईचा गाळा कमी करून तिला वाकण्यापासून वाचवणं हे त्याचं खरं काम. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घराचा आकार खणांत सांगायचा आणि वाटण्याही खणांतच व्हायच्या. थोरल्याला पाच खण, धाकट्याला चार आणि परसातली विहीर सामाईक.

इंग्लंडमधलं जुनं शहरी घरही याच तत्त्वावर उभं होतं, याचं अनेकांना आश्चर्य वाटेल. तिथे सागाच्या जागी ओक, आणि खांबांमधल्या जागा कुडाने भरून त्यावर चिखल-शेणाचा लेप. सोळाव्या शतकातल्या लंडनच्या बहुतेक गल्ल्या अशाच होत्या. पण 1666च्या महाभयंकर आगीत त्या जळाल्या, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने लंडनमध्ये नवी घरं विटांची किंवा दगडाची बांधणं सक्तीचं केलं. एका आगीने तिथल्या शहरी घराचं रूप पालटलं. खानदेशात मातीने लाकूड वरून आणि बाजूंनी लपेटलेलं असल्यामुळे आग इतकी मोकाट सुटत नसे. इथल्या घराला घडवलं ते उन्हाने आणि लुटारूंनी.

अठराव्या शतकाचा शेवट आणि एकोणिसाव्याची सुरुवात हा खानदेशासाठी भयंकर काळ होता. होळकरांच्या फौजांनी केलेली धूळधाण, 1803-04चा दुष्काळ, पाठोपाठ पेंढारी. गावंच्या गावं ओस पडली. त्या काळाची सावली घराच्या आराखड्यावर स्पष्ट दिसते. रस्त्याच्या बाजूला भिंत जवळपास आंधळी. एकच भक्कम दरवाजा, त्याला आतून भिंतीत सरकणारा जाड अडसर, आणि मोठा दरवाजा न उघडता वाकून येण्यासाठी छोटी दिंडी. आत देवडी, मग चौक. चौकाभोवती ओसरी, तिच्यामागे माजघर, त्याहून आत स्वयंपाकघर आणि देवघर. जितकं आत जावं तितका अंधार आणि तितकी सुरक्षितता. धान्याचं बळद भिंतीच्या पोटात किंवा जमिनीखाली. उजेड आणि धुरासाठी धाब्यालाच एक भोक, साणं. पाऊस आला की ते फरशीने झाकायचं. या साण्यातून येणारा उन्हाचा कवडसा जमिनीवर कुठे सरकला आहे, त्यावरून बायका दुपारची वेळ ओळखत.

1818मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला अधिकारी. त्याने 1819मध्ये ठाणं म्हणून धुळं निवडलं. ते मुलखाच्या मध्यावर, पांझरेकाठी आणि मुंबई-आग्रा मार्गावर होतं. तेव्हाचं धुळं म्हणजे अवघी 401 घरं आणि 2,509 माणसं. ब्रिग्जने बऱ्हाणपूर आणि इतर गावांच्या व्यापाऱ्यांना, कारागिरांना सवलती देऊन बोलावलं, आणि जुन्या वस्तीला लागून सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. आग्रा रोडला समांतर जाणाऱ्या, आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही धुळ्याची आजही खूण आहे. धुळेकर पत्ता सांगताना गल्लीचा नंबर आधी सांगतो.

आखीव गल्लीने घर बदललं. जुन्या धुळ्यातलं घर वाट्टेल तसं पसरलेलं होतं, नव्या पेठेत जागा मापून मिळाली. रस्त्यावरचा दर्शनी भाग अरुंद, खोली मात्र भरपूर. पुढे दुकान किंवा पेढी, मध्ये चौक, मागे राहणं, वर माडी. शांतता आली तशी आंधळी भिंतही डोळे उघडू लागली. रस्त्याकडे ओटा आला, माडीला खिडक्या आणि लाकडी सज्जे आले. गुजराती आणि मारवाडी व्यापारी कुटुंबांनी नक्षीची आवड सोबत आणली. धुळे-नंदुरबारकडच्या जुन्या घरांतली सज्ज्याखालची कोरीव मोरणी पाहिली की पुण्यापेक्षा सुरत जवळ आहे हे नकाशा न पाहता समजतं.

पांझरेने या शहराची परीक्षाही घेतली. सप्टेंबर 1872च्या पुरात धुळ्याच्या नदीकाठची घरं मोठ्या प्रमाणावर वाहून गेली. मातीच्या भिंतीला पायथ्याशी उभं पाणी सोसत नाही. जोतं किती उंच, यावर घर राहिलं की गेलं हे ठरतं. म्हणून जुन्या गल्लीत फिरताना जोत्याची उंची पाहत जावं. पूर पाहिलेल्या माणसाने बांधलेलं घर त्यावरून ओळखू येतं.

जळगावची गोष्ट वेगळी, ती कापसाची आणि रेल्वेची आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि खानदेशच्या कपाशीचे भाव आकाशाला भिडले. त्याच दशकात रेल्वे आली. 1870च्या दशकात मूळजी जेठांनी जळगावात कापडगिरणी काढली. 1906मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळं. रेल्वेच्या वाघिणींनी कापूस नेला आणि येताना लोखंडी गर्डर, पत्रे आणि मंगळुरी कौलं आणली. पैसेवाल्या घरांत तुळईच्या जागी गर्डर आला, दोन गर्डरांमध्ये विटांची बसकी कमान आली. धाब्यावर कौलांची माडी चढली. एकाच घराच्या तीन मजल्यांत तीन काळ नांदू लागले.

या जुन्या जळगावातलं एक घर सगळ्या महाराष्ट्राने ओळखीचं मानावं असं आहे, ते म्हणजे बहिणाबाई चौधरींचा वाडा. जवळच्या आसोद्याची ही मुलगी, जन्म 1880चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती नथूजी चौधरींच्या घरात आली, तिशीत विधवा झाली आणि 3 डिसेंबर 1951 रोजी जळगावातच गेली. अक्षरओळख नसलेल्या या बाईने शेतात आणि घरात काम करता करता रचलेल्या ओव्या आणि गाणी मुलगा सोपानदेव याने आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952मध्ये ती पुस्तकरूपाने आली. आज त्या वाड्यात स्मृतिसंग्रहालय आहे. तिच्या वापरातली भांडीकुंडी आणि शेतीची अवजारं तिथे जपली आहेत.

साहित्याचा वाचक तिथे कवयित्रीसाठी जातो. मी म्हणेन, एकदा घरासाठीही जावं. जात्याला खानदेशात घरोट म्हणतात आणि त्यावर बहिणाबाईंची कविताच आहे. पहाटे दळण, मग चूल, मग गुरं, मग शेत, संध्याकाळी पुन्हा चूल. वाड्याचा प्रत्येक कोपरा बाईच्या एकेका कामासाठी ठरलेला होता. सारवण, पोतेरं, भिंतीचे पोपडे लिंपणं हेही तिचंच काम. मातीचं घर शाबूत ठेवणारी खरी गवंडी ती होती आणि तिची मजुरी कुठल्याच खतावणीत मांडलेली नाही. खानदेशी वास्तुकलेवर बोलताना सुतार आणि गवंडी यांच्या बरोबरीने सारवणाऱ्या हातांचं नाव घेतलं पाहिजे, हे मी आग्रहाने सांगतो.

इंग्रजी धाटणीचं घर खानदेशात आलं, पण पेठेबाहेर. तसं पाहिलं तर इंग्रज इथे फार आधी येऊन गेले होते. 1674मध्ये धरणगावला ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. पुढल्याच वर्षी आणि पुन्हा 1679मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने ते गाव लुटलं. दीडशे वर्षांनी, 1825मध्ये, त्याच धरणगावात इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. साहेबाचं घर पेठेतल्या घराच्या अगदी उलट असे. पेठेतलं घर मोकळी जागा मधोमध चौकात ठेवतं आणि खोल्या भोवती. साहेबाचा बंगला खोल्या मधोमध आणि मोकळी जागा व्हरांडा होऊन भोवती. एकाने रस्त्याकडे पाठ केली, दुसऱ्याने चहूकडे तोंड. दोघांनीही सामना केला तो एकाच उन्हाचा.

चाळीसगावला स्टेशनजवळ या दुसऱ्या घराण्याचं एक दगडी घर आहे. कलामहर्षी केकी मूस यांचं. 1912मध्ये मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत लंडनला जाऊन आला आणि मग जवळजवळ अर्धं शतक, 31 डिसेंबर 1989ला मृत्यू येईपर्यंत, या घराबाहेर क्वचितच पडला. डच चित्रकार रेम्ब्राँट याच्या नावावरून त्यांनी घराला ‘रेम्ब्राँट्स रिट्रीट’ म्हटलं. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यातून डोंगर, बर्फ, वादळ उभं करणारी त्यांची छायाचित्रं जगभर नावाजली गेली. खिडकीतून येणारा उजेड दिवसभर कसा फिरतो हे त्यांच्याइतकं बारकाईने क्वचितच कोणी आपल्या घरात पाहिलं असेल. तेही घर आता संग्रहालय आहे.

संग्रहालय झालं म्हणून ही घरं वाचली. बाकीच्यांचं काय झालं, ते धुळ्याशी नातं असलेल्या एका माणसाने फार जवळून पाहिलं होतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांत जाऊन दप्तरं धुंडाळत असत. माडीवर, बळदात, कोनाड्यात बांधून ठेवलेल्या रुमालांवर धाब्यातून गळलेलं पाणी पडून कागदांचे लगदे झालेले असत, उरलेल्यांना वाळवी. छप्पर गळलं की पहिला बळी कागदाचा. 31 डिसेंबर 1926 रोजी राजवाडे धुळ्यातच वारले आणि 1927मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं. त्या मंडळात जे कागद आज सुखरूप आहेत, ते कुठल्या ना कुठल्या गळक्या धाब्याखालून वेळीच बाहेर काढलेले आहेत.

धाब्याचं घर एकदा बांधून संपत नाही. दर वर्षी थोडं पुन्हा बांधावं लागतं. खारी आणायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या, भिंतीचा पायथा लिंपायचा. एकत्र कुटुंबात हे सहज होई. वाटण्या झाल्या, मुलं पुण्या-सुरतेला गेली, एका छपराखालच्या सात वारसांपैकी वर कोणी चढायचं हे ठरेना, आणि घर गळायला लागलं. त्यावर जे उपाय झाले त्यांनी बरंच नुकसान केलं आहे. धाब्यावर प्लास्टिकचा कागद किंवा सिमेंटचा कोबा घातला की वरचं पाणी थांबतं, पण एखाद्या भेगेतून शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही. ती किलचांत आणि तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकांत मुरते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर तेच. गिलावा बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आत माती भुसभुशीत होऊन बसते. मग एक दिवस पापुद्रा भिंतीच्या अर्ध्या जाडीसकट सुटतो.

जुनं काम जाणणारा सुतार अजून भेटतो आणि घरमालकाने त्याला आधी विचारावं. तुळईचं टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई काढावी लागत नाही. खाली टेकू देऊन कुजकं टोक कापायचं, जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा आणि भिंतीत जाणाऱ्या टोकाभोवती हवा खेळायला बोटभर जागा सोडायची. भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा द्यायचा. वारसांना जमत नसेल तर खारीचं काम मजुरीने द्यायचं, पण मेमध्येच द्यायचं. वाड्याचं सागवान विकत घ्यायला दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला त्या लाकडाची किंमत पक्की ठाऊक असते. त्याचा आकडा ऐकण्यापूर्वी मालकाने एकदा शिडी लावून वर जावं आणि पाणी नक्की कुठून शिरतं ते पाहावं. बहुतेक वेळा दोष पन्हाळीच्या तोंडाशी असतो आणि तो दोन माणसांच्या एका दिवसाच्या कामाने निघतो.